सदतीस टक्के

१९ एप्रिल, बुडैल

इंद्रायणी,

प्रिय वगैरे लिहिणार नाही. फोनवर, मेलवर, जिथे जिथे म्हणून मी तुझं दार वाजवू शकत होतो तिथे सगळीकडे तू मला ब्लॉक केलंस, म्हणून कागद घेतला. प्रसन्न हे तुझ्या हातात देईल. तो कुरकुरला, ‘भाई, मी पोस्टमन नाहीये’ म्हणाला, पण डॉक्टरांचा मुलगा आहे, भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये उभं राहायची त्याला हौस आहे.

वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे. आई मराठीत बोलणार आणि तू हिंदीत उत्तर देणार, असं पपांच्या लष्करी बदल्यांबरोबर पठाणकोट, झाशी, चंडीमंदिर फिरत फिरत शिकलेलं तुझं मराठी. जोडाक्षर आलं की तू अजून बोट ठेवून वाचतेस. मला ते बोट आवडायचं. आता त्याला जरा कष्ट पडावेत म्हणून मुद्दाम लांब लिहितोय.

तुला वाटत असेल मी संगमनेरला परत गेलो. नाही गेलो. कॉलेज सोडलं, शहर नाही. बुडैलमध्ये, सेक्टरांच्या मधल्या त्या दाटीच्या गावात, खोली घेतलीय. खिडकी उघडली की समोरच्याचा कूलर तोंडावर. काम करतो. कुठे ते सांगत नाही. बाबांना वाटतंय मी एम. कॉम.च्या शेवटच्या परीक्षेला बसतोय. रविवारी फोनवर विचारतात, अभ्यास कसा, आणि मी म्हणतो, जोरात. अगदीच खोटं नाही. इथे मला वाचायला पुष्कळ मिळतं.

नोव्हेंबरातल्या त्या बुधवारबद्दल लिहायचं आहे. तू विसरली असशील.

बाजवा मॅमची रीत तुला माहीत आहे. ज्याचं मॉडेल असेल त्याने फळ्यापाशी उभं राहायचं आणि वर्गातल्या एकाने ते पाडायचं. त्या याला स्ट्रेस टेस्ट म्हणायच्या. पाडणारा कोण हे त्याच ठरवायच्या, आणि मुद्दाम जवळचा माणूस निवडायच्या. बँक बुडते ती बाहेरच्याला न दिसलेल्या गोष्टीने, आतल्याला ती दिसत असते, असं त्यांचं म्हणणं. माझ्यासाठी त्यांनी तुला निवडलं. मी खूश झालो होतो. विचार कर किती मूर्ख असेन.

माझं मॉडेल ट्रॅक्टरच्या कर्जांचं होतं. कर्ज बुडालं, ट्रॅक्टर ओढून आणला, लिलावात विकला, तरी शंभरातले किती परत येत नाहीत, हा एक आकडा मला कुठे सापडत नव्हता. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या अहवालात नव्हता, कंपनी देत नव्हती. मी सदतीस टाकला. सदतीसच का, ते जगात दोघांना माहीत होतं. माझी खोली तेव्हा सेक्टर सदतीसमध्ये होती. तू पहिल्यांदा तिथे आलीस, आपण गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ऊन उतरेपर्यंत होतो, आणि तू तुझ्या ॲक्टिव्हावरून गेल्यावर मी लॅपटॉप उघडून त्या रिकाम्या चौकटीत सदतीस भरले. दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं तर तू हसलीस. ‘पागल है तू’ म्हणालीस आणि माझ्या दंडाला चावलीस. वळ दिवाळीपर्यंत होता.

आणि त्या बुधवारी तू वही हातात घेऊन उठलीस आणि विचारलंस, ‘ये थर्टी-सेव्हन कहाँ से आया?’

मी म्हणालो, तुला माहीत आहे.

तू म्हणालीस, ‘मुझे नहीं पता.’

पापणीसुद्धा हलली नाही. मग बाजवा मॅमनी विचारलं, आधार काय. मागच्या बाकावरचे हसायला लागले. त्यानंतर मी जे बोललो ते मराठीत बोललो, म्हणजे ते फक्त तुझ्यासाठी होतं. वर्गात मराठी कळणारा तिसरा प्रसन्न, त्याला कळलं असेल, त्याला इलाज नाही. प्रोजेक्टरचा रिमोट मी भिंतीवर मारला होता, तुझ्यावर नाही. भिंतीवरून तो कुठे जाईल हे माझ्या हातात नव्हतं. तुझ्या कपाळाला टाके पडले हे मला नंतर कळलं.

प्रसन्न म्हणतो, घरी तू कपाटाचं दार लागलं असं सांगितलंस. मॅमनी तक्रार लिहून दे म्हटलं तर दिली नाहीस. लेखी माफी त्यांनी माझ्याकडे मागितली. मी मागणार नव्हतो, मागितली नाही, बॅग उचलली आणि निघालो. पण ते कपाटाचं दार माझ्या डोक्यातून जात नाही. तू मला वाचवलंस. ज्याच्याशी काही नातं नाही त्याला कुणी वाचवतं का?

मला मोठं काही नको. तू एकदा, कुणातरी तिसऱ्या माणसासमोर म्हणायचं आहेस की हो, सदतीस कुठून आले ते मला माहीत होतं, हेरंब माझा होता. वर्गासमोर नको, मॅमच्या केबिनमध्ये चालेल. आपण होऊन म्हणालीस तर ठीक. नाही तर मी ते तुझ्याकडून काढून घेईन. कसं, ते अजून ठरलेलं नाही.

हेरंब

१६ मे, बुडैल

इंदू,

हे पत्र आज प्रसन्नकडे देणार नाही. तुझी व्हायव्हा होऊ दे, मग देईन.

आता सांगायला हरकत नाही. मी पंधरा सेक्टरच्या मार्केटमध्ये गोयलजींच्या दुकानात काम करतो. प्रबंधाचं सेटिंग, प्रिंट, बाइंडिंग. मे महिन्यात युनिव्हर्सिटीतली सगळी हुशारी आमच्या काउंटरवर घाम पुसत उभी असते. एक वाक्य लिहायला महिना लावणारे लोक ‘भैया, एक घंटे में हो जाएगा?’ म्हणतात. पाच वाजता ऑफिसची खिडकी बंद होणार असते आणि त्यांची मान आमच्या कटिंग मशिनखाली असते.

गोयलजींनी पहिल्याच आठवड्यात मला धंद्याचं गुपित सांगितलं. ‘बच्चों को सिर्फ जिल्द दिखाओ.’ खरं आहे. मरून रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उठवली की आम्ही ते कव्हर गिऱ्हाइकासमोर धरतो. ते आपलं नाव वाचतात, स्पेलिंग बघतात, सोनं कुठे उडालं नाही ना म्हणून नखाने खरवडतात, फोटो काढून आईला पाठवतात. आत काय छापलं गेलं ते कुणीही उघडून बघत नाही. दोन वर्षं त्यांनी तेच बघितलेलं असतं, त्यांना त्याची शिसारी आलेली असते.

तुझा पेन ड्राइव्ह प्रसन्न घेऊन आला. मीच त्याला म्हटलं होतं, आण, रांगेशिवाय करून देतो. तुला त्याने दुकानाचं नाव सांगितलं, माझं सांगितलं नाही. तुला त्रास नको म्हणून. असली भली माणसं फार उपयोगी पडतात.

मी सगळं वाचलं. दुपारी गोयलजी जेवायला घरी जातात तेव्हा शटर अर्धं ओढून, पहिल्या पानापासून.

ट्रॅक्टरची कर्जं. माझाच विषय. माझीच कंपनी, माझीच मांडणी, माझीच रिकामी चौकट. फक्त ती तू भरलीस. पान एकसष्ट. ओढून आणलेले ट्रॅक्टर लिलावासाठी उभे असतात त्या खरड गावच्या यार्डात तू अख्खा हिवाळा जात होतीस, कुठला ट्रॅक्टर कितीला गेला ते टिपत होतीस, आणि तुझं उत्तर आलं बावन्न. खाली तळटीप, यार्ड कुठलं, महिने कुठले, किती लिलाव बघितले. पुढच्या पानावर तक्ता. मला वाटलं होतं चोरी सापडेल. चोरी नव्हती. मी जे केलं नव्हतं ते तू केलं होतंस, त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण वाचताना माझे कान तापले.

मग ऋणनिर्देशाचं पान उघडलं. बाजवा मॅम. पपा. आई. प्रसन्न, ‘फॉर बीइंग देअर’. यार्डाचा चौकीदार रामचंद्र, जो तुला खुर्ची द्यायचा. तुझा कुत्रा ब्रूनो. ब्रूनोचं स्पेलिंग बरोबर आहे, काळजी करू नको, मी दोनदा तपासलं.

मॅमचा पहिला तास आठवतो? त्या म्हणाल्या होत्या, जुन्या काळी हप्ता चुकेपर्यंत थांबायचे आणि मग तोटा दाखवायचे, आता तसं नाही. आता कर्ज दिलं त्याच दिवशी ते बुडेल असं धरून तरतूद बाजूला काढायची. माणूस समोर बसून हसत सही करतोय, त्याचा एकही हप्ता चुकलेला नाही, तरीही. वर्गात सगळे ते उतरवून घेत होते आणि मी तुझ्याकडे बघत होतो, आणि तू माझ्याकडे बघून हसलीस. मी आज विचार करत होतो, त्या हसण्याच्या वेळी तुझी तरतूद काढून झाली होती का? चंडीमंदिरला गणपतीत जेवायला बोलावलंस, तुझ्या आईने, सुहासिनीकाकूंनी, मला आग्रह करकरून मोदक वाढले, मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा झाली होती का? गच्चीवर? मला वाटतं तू पहिल्या दिवसापासून मला बुडीत धरलं होतंस आणि वर व्याज घेत होतीस.

प्रती झाल्या. तुझं काम गोयलजींनी नाही, मी केलंय. समास सारखे केले, तक्ते पानात बसवले, एका ठिकाणी तुझा परिच्छेद तुटत होता तो सांधला. आणि एक गोष्ट केली. ती इथे लिहीत नाही. ती तुला एकटीला कळेल. कुणीतरी तुला एक प्रश्न विचारेल आणि त्याचं एकच खरं उत्तर असेल, ते म्हणजे माझं नाव. आता बघू काय म्हणतेस.

कव्हर सुंदर आलंय. प्रसन्नने फोटो काढला, तुला पाठवला, तू त्याला अंगठा पाठवलास. मी बघितला.

हे.

४ जून, बुडैल

माझ्या इंदू,

प्रसन्न आत्ताच गेला. माझ्या शर्टावर त्याचा चहा आहे, छाती भाजलीय, तिथे बर्फ धरून लिहितोय. राग नाही. मला आज कुणाचाच राग नाही.

त्याने सगळं सांगितलं, शिव्या देत देत, पण सांगितलं. एक्स्टर्नल परीक्षक दिल्लीहून आले होते, वाळकुडे, पाणी न पिणारे. पहिला भाग छान झाला. ते मान डोलावत होते. मग पानं उलटताना एकसष्टवर थांबले. त्यांनी विचारलं, ‘मॅडम, ये थर्टी-सेव्हन कहाँ से आया?’ प्रसन्न म्हणतो अगदी हेच शब्द. पुढच्या पानावर तक्ता बावन्नचा आणि इथे सदतीस, खाली तळटीप नाही, आधार नाही, काही नाही. ते म्हणाले, ज्या आकड्यावर अख्खा प्रबंध उभा आहे तोच हवेतून आणलाय का.

हो, मी केलं. दोन अंक बदलले आणि एक तळटीप पुसली. तुझा तक्ता मी बदलला नाही, कारण तक्ता बदलला असता तर कुणालाच कळलं नसतं.

तू पान बघितलंस. प्रसन्न म्हणतो तुझा चेहरा पांढरा झाला आणि तुझा हात कपाळावर गेला, तिथे. मग परत खाली आला. बाजवा मॅम पुढे झुकल्या. त्यांना तुझं काम माहीत होतं, त्यांनी बावन्न कितीदा वाचला असेल. त्या म्हणाल्या, ‘बेटा, प्रिंटिंग में गडबड हुई है? ओरिजिनल फाइल होगी ना तुम्हारे पास?’ तुझी बॅग खुर्चीला टेकलेली होती. लॅपटॉप बॅगेत होता. चेन उघडायची, मूळ फाइल दाखवायची, आणि म्हणायचं की हे हेरंबने केलं. सदतीस म्हटल्यावर दुसरं कुणाचं नाव येणार?

तू म्हणालीस, ‘नो मॅम. माय मिस्टेक. जो जमा किया है, वही मेरा है.’

ग्रेड घसरली. मुंबईच्या त्या रेटिंग एजन्सीची ऑफर ग्रेडवर टांगलेली होती, ती गेली. प्रसन्न म्हणतो तू बाहेर येऊन पोर्चच्या पायरीवर बसलीस, आणि तुझे पपा, कर्नलसाहेब, गाडी घेऊन आले तेव्हा त्यांना म्हणालीस, व्हायव्हा अवघड होती.

मग तो इथे आला. ‘तूच ना?’ म्हणाला. मी हो म्हटलं. तेव्हा चहा.

इंदू, मला तुझ्या नोकरीचं वाईट वाटत नाही, खोटं कशाला बोलू. तू मुंबईला गेली असतीस तर मी कुठे शोधलं असतं तुला? गेली ते बरं झालं. पण ते सोड. तू माझं नाव घेतलं नाहीस! एका शब्दात वाचली असतीस आणि तू तो शब्द उच्चारला नाहीस. सगळी मेहनत, तो हिवाळा, ते यार्ड, सगळं सोडून दिलंस आणि मला उघडं पडू दिलं नाहीस. कपाटाच्या दारानंतर ही दुसरी वेळ. लोक प्रेमासाठी काय काय करतात म्हणून सांगतात, पण असं कुणी केलेलं मी ऐकलेलं नाही. मला हवं होतं त्यापेक्षा हे कितीतरी मोठं आहे. मी म्हणत होतो नाव घे, आणि तू न घेऊन दाखवलंस.

मी तुला माफ केलंय. सगळं. तो बुधवार, ब्लॉक, ब्रूनो, सगळं. शनिवारी संध्याकाळी सुखना तलावावर ये, आपण बसायचो त्याच टोकाला. अमलतास, आपला बहावा, फुललाय, रस्त्यावर सगळीकडे पिवळा सडा आहे, तुला आवडतो. मी कॉलेजला परत जाईन. माफी लिहून देईन. तू म्हणशील ते.

हे आणि याच्या आधीचं, दोन्ही पत्रं प्रसन्नला देतोय. तो म्हणाला, हे शेवटचं, परत तोंड दाखवू नकोस. पण घेतली.

तुझाच

१० जून, बुडैल

इंद्रायणी,

शनिवारी मी गेट बंद होईपर्यंत बसलो. शिट्टी मारत चौकीदार आला, म्हणाला, ‘कोई नहीं आएगा भाईसाब, चलो.’ मला वाटलं घरी अडकली असेल. खरंच तसंच वाटलं.

काल तू दुकानात आलीस.

तुला काउंटरपाशी बघितलं तेव्हा आधी मी शर्ट सारखा केला. केस मागे बांधलेले होते आणि ती खूण दिसत होती, झाकलेली नव्हती. शेजारी बी.एड.ची एक मुलगी तिच्या फाइली घेऊन उभी होती, गोयलजी गल्ल्यावर होते. तू पेन ड्राइव्ह पुढे केलास. दुरुस्त प्रत जमा करायचीय, म्हणालीस, एक्स्टर्नलसाहेबांनी सांगितलंय.

आणि म्हणालीस, ‘भैया, पेज इकसठ खोलिए.’

भैया. मी तिथे उभा राहून दिवसातून किती जणांकडून तो शब्द ऐकतो. मी फाइल उघडली.

‘पढिए.’

मी म्हटलं, इंदू.

‘भैया, नंबर पढिए. पिछली बार गलत छपा था.’

मी वाचलं. बावन्न. तू म्हणालीस फुटनोट पण. मी तळटीप वाचली, यार्ड, महिने, लिलाव, अख्खी, मोठ्याने. बी.एड.वाली घड्याळ बघायला लागली. गोयलजींनी मान वर केली, विचारलं, ‘मॅडम, हमसे कोई गडबड हुई थी?’ तेव्हाही तुला एक शब्द पुरला असता. ते मला तिथल्या तिथे हाकलून देणार होते, कदाचित पोलिसांनाही फोन केला असता. तू म्हणालीस, ‘नहीं अंकल, टाइपिंग मेरी थी.’ गोयलजी इतके खूश झाले की तुझ्यासाठी थंड पाणी आणायला आत गेले.

मी पुढे वाकलो आणि विचारलं. मराठीत विचारलं, कारण मला अजूनही वाटत होतं की ते आपलं आहे. माझं नाव का नाही घेतलंस?

तू बॅगेतून माझी तिन्ही पाकिटं काढून काउंटरवर ठेवलीस. एकही उघडलेलं नव्हतं. प्रसन्नच्या बोटांचे डाग होते, तुझे नव्हते. मग तू बोललीस, तुझ्या त्या अडखळत्या मराठीत, एकेक शब्द बघून ठेवल्यासारखा.

‘तुझं नाव घेतलं असतं ना, तर त्यांनी विचारलं असतं, हा तुझा कोण. मग ते घरी गेलं असतं. आईला, पपांना मला सांगावं लागलं असतं की मी अशा माणसाबरोबर होते. ग्रेड गेली, ठीक आहे. जॉब दुसरा मिळेल. मला हे स्वस्त पडलं.’

मी विचारलं, आणि कपाळाचं?

‘ते पण.’

चिडली असतीस तरी चाललं असतं. तू चिडली नव्हतीस. यार्डात ट्रॅक्टर बघताना अशीच उभी राहत असशील.

गोयलजी पाणी घेऊन आले. तू प्यायलीस, थँक्यू अंकल म्हणालीस आणि माझ्याकडे वळलीस. ‘भैया, परसों तक मिल जाएगा ना? मेरा फ्रेंड आके ले जाएगा.’ मी हो म्हटलं. माझ्या तोंडून ‘जी मॅडम’ निघालं, इंद्रायणी. मी म्हणालो नाही, ते निघालं. तू ॲक्टिव्हा सुरू केलीस आणि सोळा सेक्टरकडे वळलीस, आणि बी.एड.वालीने तिच्या फाइली माझ्यासमोर आदळल्या.

तुझ्या प्रती मी तयार केल्या. नीट केल्या. या वेळी एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बावन्न म्हणजे बावन्न. तू मला भैया म्हणालीस म्हणून नव्हे. त्या पानावर मला आता काही करावंसं वाटत नाही, एवढंच.

संध्याकाळी खोलीवर बसून मी तुझा हिशेब पुन्हा पुन्हा मांडून बघितला. चांगला आहे. बाजवा मॅमनी शाबासकी दिली असती. दोन तोटे समोर आहेत, एकात ग्रेड जाते, एकात घरी तोंड दाखवता येत नाही. तू लहान तोटा उचललास आणि शांत झालीस. माझी किंमत तू काढलीस ती अशी, एका ग्रेडपेक्षा जास्त. मला तेवढ्यानेही बरं वाटलं असतं, पण तू ती वजाबाकीच्या बाजूला लिहिलीस.

मी माझ्या मनाला विचारलं की आता पुरे करू का. खरंच विचारलं. बाबांचा फोन आला, निकाल कधी म्हणाले. मी म्हटलं, लवकरच. ते म्हणाले, आई पेढ्यांचं विचारतेय. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की तुझ्या हिशेबातली एक बाजू तू तपासलीच नाहीस. तू नाव घेतलं नाहीस तर ते घरी जाणार नाही, हे तू धरून चाललीस. कशावरून? आधार काय? तळटीप कुठे आहे?

तिन्ही पाकिटं मी उघडली आणि वाचली. पहिल्यात गच्ची आहे, आणि कपाटाचं दार. दुसऱ्यात गोयलजींचं दुकान. तिसऱ्यात मी काय केलं ते कबूल आहे. माझी नोकरी जाईल, अजून काही होईल, होऊ दे. यातलं एकही अक्षर बदललेलं नाही. हे चौथं त्यांच्यासोबत ठेवतो. सकाळी सतरा सेक्टरच्या पोस्टातून स्पीड पोस्ट करणार आहे. मोठ्या पाकिटावर तुझं नाव नाही. कर्नलसाहेबांचं आहे, रँकसकट, चंडीमंदिरचा पूर्ण पत्ता. सावकाश लिहिलंय, अक्षर माझं चांगलं आहे, तुला माहीत आहे.

त्यांना चष्मा लावूनही हाताचं लिखाण वाचता येत नाही असं तू म्हणायचीस, म्हणजे काकू मोठ्याने वाचतील. त्यांचं मराठी साफ आहे, कुठे अडणार नाही. तू बहुतेक आतल्या खोलीत असशील. वाचून झालं की ते तुला हाक मारतील. तू येऊन उभी राहशील, आणि दोघांपैकी कुणीतरी एक विचारेल, हा तुझा कोण.

सांग.

हेरंब